शेत विकलं, पाणंद कुणाची? कंपन्यांची विलीनीकरणं आणि खुल्या ऑपरेटिंग सिस्टिम

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात बसलो होतो. मालकांनी चहा सांगितला आणि सरळ विषयाला हात घातला. "काय ओ सर, ते आर्डुइनो कुणीतरी विकत घेतलं म्हणे? पोरगा सांगत होता. मग आपल्या सर्व्हरवर ते लिनक्स आहे की, तेही उद्या कुणी घेतलं तर आपलं काय?"

त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्टसाठी आर्डुइनोचे, म्हणजे खुल्या आराखड्याचे, छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून कॉलेजच्या पोरांत ही चर्चा आहे. मी तेव्हा चहा संपेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पण प्रश्न रास्त होता आणि उत्तर अर्धवट राहिलं होतं. ते इथे पुरं करतो.

विलीनीकरण हा शब्द आपल्या भागात कुणाला नवा नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये विजया बँक बँक ऑफ बडोदात गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. खातं तेच, पैसे तेच, पण पाटी बदलली, पासबुक बदललं, आयएफएससी कोड बदलला. तरी ठेवीची काळजी कुणाला पडली नाही, कारण वर रिझर्व्ह बँक बसलेली आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमला रिझर्व्ह बँक नाही. तिथे राखण करतो तो एक कागद, म्हणजे परवाना. तो कागद कुठवर पुरतो आणि कुठे अपुरा पडतो, एवढंच समजून घ्यायचं आहे.

कास्टिंग आणि पॅटर्न

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकातला फोरमन. कुठलं काम कुठल्या मशीनवर लावायचं, कुणाला किती जागा द्यायची, कुणाला थांबवायचं, हे सगळं तो बघतो. तो नसेल तर बाकीचे प्रोग्राम नुसते लोखंडासारखे पडून राहतील.

आता 'ओपन सोर्स'. फाउंड्रीवाल्याला हे एका वाक्यात कळतं. बंद सॉफ्टवेअर विकत घेतलं की तुम्हाला तयार कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू मिळते; ज्यावरून साचा करतात तो नमुना, म्हणजे पॅटर्न, मिळत नाही. पॅटर्न कंपनीच्या कपाटात. ओपन सोर्समध्ये कास्टिंगबरोबर पॅटर्नही हातात देतात. तो बघा, हवा तसा तासा, त्यावरून पुन्हा ओता, दुसऱ्याला द्या. हा पॅटर्न म्हणजे सोर्स कोड, प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर.

लिनक्स हा अशा खुल्या सिस्टिमचा गाभा. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये सुरू केला. पण नुसत्या गाभ्यावर काम होत नाही. त्याभोवती हजारो छोटेमोठे प्रोग्राम बांधून, तपासून, एकत्र द्यावे लागतात. अशा बांधलेल्या संचाला डिस्ट्रो म्हणतात. उबंटू, डेबियन, फेडोरा, सूसे ही डिस्ट्रोंची नावं. कंपन्यांच्या खरेदीविक्रीचा फटका बसतो तो बहुतेक वेळा डिस्ट्रोला.

पाणंदीचा नियम

खानापूर, चंदगड, हुक्केरी, कुठेही जा, शेतात जायला पाणंद असते. दोन्ही बाजूला कुणाकुणाची शेतं, मधून सगळ्यांची वाट. कडेचं शेत विकलं गेलं म्हणून पाणंद विकली जात नाही. नवा मालक कितीही मोठा असो, वाट नांगरायचा हक्क त्याला नाही.

खुला परवाना ही कोडमधली पाणंद आहे. यातला सर्वात प्रसिद्ध परवाना म्हणजे जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८९ मध्ये आणला आणि लिनक्सचा गाभा त्याच्याच दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्याचा आशय असा: हा कोड वापरा, बदला, वाटा. मात्र बदललेला कोड दुसऱ्याला दिलात तर त्यालाही हेच हक्क द्या. जे एकदा या परवान्याखाली बाहेर पडलं ते कंपनी विकल्याने परत आत जात नाही. कंपनीचे मालक दहा वेळा बदलले तरी तुमच्या हातातली प्रत तुमची, आणि ती सुधारून पुढे देण्याचा हक्कही तुमचा.

पण पाणंद कुणी नांगरू शकत नाही याचा अर्थ ती आपोआप चालती राहते असा नाही. खानापूरचा पाऊस ज्याने बघितला आहे त्याला सांगायला नको. एक पावसाळा मुरूम पडला नाही की बैलगाडी रुतते, दोन पावसाळे गेले की बाभळी दोन्ही बाजूंनी आत येतात. कागदावर वाट आहे, पाय टाकायला नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रोज नव्या त्रुटी सापडतात आणि त्यातून चोर शिरू शकतात, म्हणून दुरुस्त्या सतत याव्या लागतात. हा मुरूम टाकणारी माणसं बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीच्या पगारावर असतात.

मग विकत काय घेतात?

कोड मोफत घेता येतो, तर त्यासाठी अब्जावधी डॉलर कोण मोजेल? पैसे मोजले जातात ते माणसांसाठी, ग्राहकांबरोबरच्या करारांसाठी, नावासाठी, आणि उताऱ्यासाठी.

नाव म्हणजे ट्रेडमार्क. कोड खुला असला तरी नाव खुलं नसतं. कुंदा कुणीही घरी करावा, पण शेजारच्या दुकानाची पाटी आपल्या दारावर लावता येत नाही, तसं.

उतारा म्हणजे कॉपीराइट. कोड ज्याने लिहिला, त्याच्या नावावर त्याचा उतारा. आणि इथेच सगळी मेख आहे. समजा एका जमिनीच्या उताऱ्यावर एकच नाव आहे. तो माणूस उद्या विकू शकतो, कुंपण घालू शकतो. पण उताऱ्यावर दोनशे नावं असतील तर? सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता तलाठ्याचं आयुष्य जाईल. लिनक्सच्या गाभ्याच्या उताऱ्यावर जगभरातल्या हजारो लिहिणाऱ्यांची नावं आहेत आणि ती मुद्दाम एकाकडे गोळा केलेली नाहीत. त्यामुळे कुठलीही कंपनी 'लिनक्स विकत घेऊन' त्याचा परवाना बदलू शकत नाही. मालकांच्या प्रश्नाचा पहिला भाग इथे सुटतो.

दुसरा भाग तितका सोपा नाही. सगळ्याच प्रकल्पांचे उतारे असे नसतात.

एका नावाचा उतारा: ओपनसोलारिसचं काय झालं

सन मायक्रोसिस्टिम्स ही अमेरिकेतली नावाजलेली कंपनी. त्यांची सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम बँका, टेलिफोन कंपन्या आणि विद्यापीठांत चालायची. २००५ मध्ये सनने तिचा बराचसा कोड खुला केला आणि 'ओपनसोलारिस' प्रकल्प सुरू झाला. त्यात झेडएफएससारखी रत्नं होती. डिस्कवरचा डेटा हळूहळू कुजला तर तो ओळखून दुरुस्त करणारी ही साठवणीची पद्धत. बाहेरचे लोकही उत्साहाने काम करू लागले, पण त्यांना आपल्या कोडच्या हक्कात सनला वाटेकरी करणाऱ्या करारावर सही करावी लागे. म्हणजे सगळ्या जमिनीवर हक्क सांगता येईल असं नाव एकच होतं, सनचं.

एप्रिल २००९ मध्ये डेटाबेस विकणाऱ्या ओरॅकल या बड्या कंपनीने सन सुमारे ७.४ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं. युरोपीय आयोगाने चौकशी लांबवली, कारण सनच्या पोटात मायएसक्यूएल हा खुला डेटाबेसही होता. जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पुरा झाला. त्यानंतर ओपनसोलारिसच्या लोकांना नव्या मालकाकडून उत्तरंच मिळेनात. ऑगस्टमध्ये कंपनीचं अंतर्गत पत्र बाहेर फुटलं: ओपनसोलारिसची आवृत्ती यापुढे निघणार नाही, रोजचा कोड बाहेर दिला जाणार नाही. प्रकल्पाच्या नियामक मंडळाने त्याच महिन्यात स्वतःचं विसर्जन केलं.

ओरॅकलने कायदा मोडला नाही. आधी बाहेर आलेला कोड खुलाच राहिला. पण पुढचा कोड कपाटात गेला. उताऱ्यावर नाव एकाचं असल्यामुळे हे शक्य झालं.

काही लोकांनी हे आधीच ओळखलं होतं. ऑगस्ट २०१० च्या सुरुवातीलाच 'इल्युमॉस' नावाने त्यांनी वेगळी चूल मांडली. संगणकाच्या भाषेत याला फोर्क म्हणतात: आहे तो कोड घ्यायचा, नवं नाव द्यायचं आणि स्वतंत्र संसार सुरू करायचा. पण चूल मांडायला गेल्यावर कळलं की ओपनसोलारिसमधले काही तुकडे मुळात कधी खुले झालेच नव्हते. ते नव्याने लिहावे लागले. इल्युमॉस आजही जिवंत आहे. झेडएफएस तर फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमवर आणि लिनक्सवर जाऊन मूळ घरापेक्षा जास्त पसरली. सनच्याच घरातल्या बाकीच्या भावंडांनीही हाच मार्ग धरला. मायएसक्यूएलमधून मारियाडीबी निघाला आणि ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस. लिब्रेऑफिसमध्ये आपल्याकडे किती पत्रं, किती लग्नपत्रिका टाइप होतात!

हा कोड वाचला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यासाठी लोकांची कितीतरी वर्षं नव्याने तेच बांधण्यात गेली, हेही विसरता येत नाही.

लहान विलीनीकरण, मोठा परिणाम: सेंटओएस

आता आपल्या वर्कशॉपच्या सर्व्हरपर्यंत पोचणारी गोष्ट.

रेड हॅट ही लिनक्सवर धंदा उभा करणारी मोठी कंपनी. ती आपली डिस्ट्रो वर्गणी घेऊन देते, बदल्यात दहा वर्षं दुरुस्त्या आणि मदत. कोड खुला असल्यामुळे २००४ पासून काही स्वयंसेवक तोच कोड घेऊन, रेड हॅटचं नाव काढून, 'सेंटओएस' नावाची जुळी डिस्ट्रो मोफत देत होते. ज्याला वर्गणी परवडत नाही त्याच्यासाठी हे वरदान होतं. छोट्या कंपन्या, कॉलेजं, होस्टिंगवाले, सगळे सेंटओएसवर.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आयबीएमने रेड हॅटला ३४ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं, जुलै २०१९ मध्ये व्यवहार झाला. डिसेंबर २०२० मध्ये बातमी आली: सेंटओएस ८, ज्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या, ती २०२१ च्या अखेरीस बंद. पुढे फक्त 'सेंटओएस स्ट्रीम', म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीची आधीची पायरी. आठ वर्षांची मुदत एका वर्षावर आली.

लोकांनी लगेच आयबीएमकडे बोट दाखवलं. रेड हॅटने हा निर्णय आपला स्वतःचा असल्याचं सांगितलं. माझं मत विचाराल तर खरी घटना आधीच घडून गेली होती. जानेवारी २०१४ मध्ये सेंटओएस हा प्रकल्प रेड हॅटच्या पंखाखाली गेला. मुख्य माणसं पगारावर घेतली गेली, नावही कंपनीकडे आलं. तेव्हा बहुतेकांना बरंच वाटलं, कारण थकलेल्या स्वयंसेवकांना पगार मिळणार होता. ३४ अब्जांच्या व्यवहारावर जगभर लेख आले. त्या छोट्या हस्तांतरणाकडे फार कुणी पाहिलं नाही, आणि २०२० चा निर्णय घेण्याचा अधिकार तिथेच हातबदल झाला होता.

सीमाभागातल्या माणसाला हे उलगडून सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवशी एकही घर जागचं हललं नाही, एकही बांध सरकला नाही. निर्णय जिथे होतो ती जागा बदलली, आणि मग हळूहळू कचेरीतल्या कागदाची भाषा. खुल्या प्रकल्पाकडे बघतानाही कोड कुठे ठेवला आहे यापेक्षा निर्णय कोण घेतं हे आधी विचारावं.

सेंटओएसची पुढची कहाणी उभारी देणारी आहे. त्याचे एक संस्थापक ग्रेगरी कुर्टझर यांनी लगेच नवा प्रकल्प जाहीर केला आणि दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅकगॉ यांच्या आठवणीत त्याला 'रॉकी लिनक्स' नाव दिलं. क्लाउडलिनक्स या कंपनीने 'अल्मालिनक्स' आणलं आणि ते ना-नफा संस्थेकडे सोपवलं. २०२१ च्या जूनपर्यंत दोन्ही वापरायला तयार होती. २०२३ च्या जूनमध्ये रेड हॅटने आणखी एक दार ओढून घेतलं. आपल्या वर्गणीच्या डिस्ट्रोचा नेमका कोड आता फक्त ग्राहकांना मिळतो, बाकीच्यांसाठी स्ट्रीम. कोड फक्त ग्राहकांना देणं जीपीएलमध्ये बसतं, कारण ज्याला प्रोग्राम दिला त्याला कोड द्या अशी त्याची अट आहे, सगळ्या जगाला द्या अशी नाही. त्यावर दोन महिन्यांत सूसे, ओरॅकल आणि रॉकीच्या मागची सीआयक्यू कंपनी यांनी मिळून असा कोड सगळ्यांना खुला ठेवणारी संस्था काढली. त्याच्या तेरा वर्षं आधी सोलारिसचं दार लावणारी ओरॅकल इथे दार उघडं ठेवणाऱ्यांत आहे. कंपनीचा स्वभाव ठरवून टाकू नये, तिचा फायदा कुठे आहे ते बघावं.

प्रत्येक विक्री घातकच असते का?

नाही. सूसे ही जर्मनीतली १९९२ पासूनची कंपनी. ती २००४ मध्ये नॉवेलकडे, २०११ मध्ये अटॅचमेटकडे, २०१४ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०१९ मध्ये ईक्यूटी या गुंतवणूक संस्थेकडे गेली. पंधरा वर्षांत चार मालक. एवढ्यात तिची खुली डिस्ट्रो ओपनसूसे चालूच राहिली. धक्का बसला तो नावाला: २०२४ मध्ये कंपनीने ओपनसूसेच्या लोकांना नाव बदलण्याचा विचार करायला सांगितलं. पाटीचा मालक दुसरा असला की असं होतं.

तुमच्या घरी एलजीचा स्मार्ट टीव्ही असेल तर त्यात वेबओएस असते. ती पाम कंपनीने फोनसाठी केली होती. एचपीने २०१० मध्ये पाम घेतली, पुढच्याच वर्षी ते फोन बंद केले, कोड खुला केला, आणि २०१३ मध्ये एलजीने वेबओएस घेऊन टीव्हीत घातली.

"मग कंपनीच नको, स्वयंसेवकच बरे"

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि त्यात तथ्य आहे. डेबियन १९९३ पासून कुठल्याही कंपनीच्या मालकीची नाही. तिचं नाव एका ना-नफा संस्थेकडे आहे, नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. तिला विकत घेता येत नाही, कारण विकणाराच नाही.

तरी कंपन्यांनी काय दिलं तेही बघा. लिनक्सवर आज आपण मराठी आणि कन्नड नीट वाचतो, त्यात रेड हॅटने खुल्या केलेल्या 'लोहित' फॉन्टचा मोठा हात आहे. देवनागरी, कन्नड, तेलुगू, तमिळ, एकाच घरातल्या लिपी. जोडाक्षर फुटू नये, वेलांटी जागेवर बसावी, यासाठी महिनोन् महिने बसावं लागतं आणि त्याला पगार लागतो. आयबीएम आली तरी लोहितचा परवाना बदलत नाही. ती पाणंद आपली झाली.

"कोड हातात आहे ना, मग वेगळी चूल मांडू"

मांडता येते, पण वेगळं निघालेल्या प्रत्येक भावाला ठाऊक असतं की भांडी वाटून मिळतात, रोजचा स्वयंपाक मिळत नाही. रॉकी आणि अल्मा उभ्या राहिल्या, कारण मागे पैसा आणि हजारो वापरणारे होते. फ्रान्सच्या मँड्रिव्हाची माणसं कमी केली गेली तेव्हा २०१० मध्ये त्यांतल्या काहींनी 'मॅजिया' काढली. ती टिकली, मूळ कंपनी २०१५ मध्ये बुडाली. पण ज्या चुलीमागे माणसंच नाहीत, ती विझते.

"त्यापेक्षा विंडोज बरी, निदान मालक एकच"

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. आपल्या गल्लीतले किती चांगले चालणारे संगणक त्या दिवशी जुने ठरले असतील! तिथे कुणी कुर्टझर पुढे येऊन ती चालू ठेवू शकत नाही, कारण पॅटर्न कपाटात आहे. खुल्या सिस्टिममध्येही मालकाचा निर्णय झोंबतो, पण तिथे पर्याय उभा करायची मुभा कायद्याने दिलेली असते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आपल्या ऑफिसात काय बघायचं

सोसायटी असो, शाळेची लॅब असो की वाचनालय, बसवलेली सिस्टिम कुठली आणि तिच्या दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत, हे आधी लिहून काढा. मग नाव कुणाच्या मालकीचं आहे ते बघा, कंपनीच्या की ना-नफा संस्थेच्या. काम करणारे एकाच कंपनीच्या पगारावर आहेत की चार ठिकाणचे, हेही कळतं. योगदान देणाऱ्याला कॉपीराइटचा करार करावा लागतो का, हे प्रकल्पाच्या नियमांतच लिहिलेलं असतं. आणि डेटा अशा स्वरूपात ठेवा की सिस्टिम बदलली तरी तो उचलून नेता येईल. बँकेची पाटी बदलली तेव्हा ज्यांनी आपली कागदपत्रं नीट ठेवली होती त्यांचं काम एका खेपेत झालं.

परवा पुन्हा त्या फाउंड्रीत गेलो आणि सर्व्हर उघडून बघितला. अल्मालिनक्स ८ निघालं. दुरुस्त्या २०२९ च्या सुरुवातीपर्यंत. ऑफिसातल्या दोन संगणकांवर डेबियन. मालकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला आग विझवायचे सिलिंडर भरायच्या तारखेखाली '२०२८, सर्व्हर बदलायचा' असं लिहिलं आणि विचारलं, "सर, बदलल्यावर कन्नड-मराठी दोन्ही टायपिंग राहील की ओ?"

राहील, म्हटलं.